इंगळे सरांची शिरगणती

आमच्या हॅरोफर्ड शहराच्या वेबसाइटवर 'शहराविषयी' नावाचं एक पान आहे. इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या. इतिहासाला तीन परिच्छेद, भूगोलाला दीड आणि लोकसंख्येला नुसता एक आकडा. परवा मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी ते पान उघडलं आणि वाचता वाचता माझं डोकं फिरलं. इतिहासात लिहिलंय, की संस्थापक आले तेव्हा ही जमीन रिकामी होती. भूगोलात लिहिलंय, की नदीकाठचा सखल भाग 'पूर्वी औद्योगिक वापरात' होता. तिथे अगदी परवापरवापर्यंत माणसं राहत होती, हे कुठेही नाही. ज्या एका माणसाने ते घर धरून, नाव धरून लिहून काढलं होतं, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून चक्रम ठरवलं. आम्ही म्हणजे हॅरोफर्डमधली बाकीची चार मराठी घरं. त्यात माझंही घर आलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

इंगळे सर बसमतजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, तेव्हा एकुलती एक मुलगी वर्षा त्यांना इकडे घेऊन आली. वर्षा इथल्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर. हॅरोफर्ड ट्रॉय या मोठ्या शहरापासून दीड तासावर. ट्रॉयमध्ये देऊळ, मंडळ, किराणा, ढोल-ताशा पथक, सगळं काही. हॅरोफर्डमध्ये गाड्यांचे सुटे भाग करणारा एक प्लांट, आणि त्या प्लांटच्या आयटीत आम्ही चौघं. दर शनिवारी आम्ही ट्रॉयला पळायचो आणि रविवारी रात्री झोपायला परत यायचो. मी या गावात सहा वर्षं असा झोपायला राहिलो.

सर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी बूट काढले, कानटोपी काढून खिशात घातली आणि विचारलं, "उत्तर कुठं आली?"

मी फोन काढला. सर थांबले. फोनमधला बाण गरागरा फिरायला लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच खिडकीबाहेर पाहून स्वयंपाकघराच्या दिशेने बोट केलं आणि म्हणाले, "ही. बरं, गावाच्या पूर्वेला काय आहे?"

"गॅस स्टेशन," मी म्हणालो.

"त्याच्या पलीकडं?"

मला माहीत नव्हतं. माझ्या बायकोला, कल्याणीला, माहीत नव्हतं. प्रशांतला, जो माझ्याआधी तीन वर्षं इथे आला होता, त्यालाही माहीत नव्हतं. सर हसले नाहीत की रागावले नाहीत. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहावं तसं त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुरणपोळी मागून घेतली. पुढच्या आठवड्यात मला फोन आला. "पूर्वेला बीटाची शेतं आहेत. साखरेच्या बीटाची. जमीन काळी आहे, आपल्याकडच्यासारखी. जाऊन बघ एकदा."

सरांचा एक क्रम होता. स्थान, सीमा, नदी, हवामान, पिकं, धंदे आणि सगळ्यात शेवटी लोक. लोक शेवटी का, तर त्यांना वेळ द्यावा लागतो, असं ते म्हणत. या क्रमाने त्यांनी हॅरोफर्ड शिकायला घेतलं. वर्षा हॉस्पिटलात गेली, की सर पांढरा फुल शर्ट, त्यावर हातविणीचा बिनबाह्यांचा स्वेटर आणि मुलीने घेऊन दिलेले भडक निळे बूट घालून निघायचे. रोज एक रस्ता. फुटपाथ नसला तर गवतावरून. या देशात विनाकारण चालणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा संशयित, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी काही फरक पडला नसता.

दोन वर्षांत या माणसाने जे गोळा केलं ते मला सहा वर्षांत माहीत झालं नव्हतं. बिडाच्या शेगड्या ओतण्याचा इथे मोठा कारखाना होता. भट्टीवर काम करायला दक्षिणेतून काळी कुटुंबं आणली गेली. त्यांना गावात वर घर कुणी देईना, म्हणून ती नदीकाठच्या सखल भागात राहिली. त्या भागाला सगळे 'बॉटम्स' म्हणत. पुढे बीटाच्या शेतांवर मेक्सिकन मजूर आले, तेही तिथेच वसले. दर काही वर्षांनी नदी घरात यायची. कारखाना बंद पडला, लोक राहिले. हे सगळं सरांनी लायब्ररीत बसून, चर्चबाहेर उभं राहून, न्हाव्याच्या दुकानात केस न कापता बसून मिळवलं. त्यांचं इंग्रजी इमला, म्हणजे श्रुतलेखन, सांगितल्यासारखं, एकेक शब्द सुटा, आणि शेवटी पूर्णविरामाएवढा थांबा. लोकांना ते आवडायचं. निदान घाईत नसलेल्या लोकांना.

गावच्या चौकात पितळेची एक पाटी आहे. तिच्यावरही तेच, 'रिकामी भूमी'. सर मला एका दुपारी मुद्दाम तिथे घेऊन गेले आणि ती पाटी मला मोठ्याने वाचायला लावली.

"रिकामी होती म्हणतात," सर म्हणाले. "मग नदीचं नाव कुणी ठेवलं?"

नदीचं नाव इंग्रजी नाही. आम्ही ते नीट उच्चारायचोही नाही, नुसतं 'रिव्हर' म्हणून सोडून द्यायचो. सर मात्र त्यातला एकेक स्वर लावून म्हणायचे. लायब्ररीतल्या बाईंना त्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, की पाटी फार जुनी आहे. सर म्हणाले, "चूक जुनी झाली म्हणून बरोबर होत नाही, मॅडम." आणि पुस्तक परत करून निघून आले.

आता खडूची गोष्ट. ती ट्रॉयच्या मंडळात आजही हसून हसून सांगतात आणि मला आजही तिचा संताप येतो.

आपल्याकडे शिरगणती मास्तर करतात. सरांनी तीन वेळा केली होती. भर उन्हात, शाळा सांभाळून, वस्त्या, तांडे, शेतातली कोपटी, सगळी. आधी घर मोजायचं, दारावर क्रमांक टाकायचा, मग आत बसून माणसं लिहायची. इथे घरी कागद येतो आणि आपला आपण भरून पाठवायचा असतो, हे कळल्यावर सर दोन दिवस अस्वस्थ होते. "आणि ज्यानं भरला नाही तो?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, येतं कुणीतरी विचारायला. "कधी? कोण? तुझ्याकडं कोण आलं होतं?" मी कागद भरला होता, त्यामुळे कुणी आलं नव्हतं. सरांनी एक जाड रजिस्टर घेतलं, रकाने आखले आणि स्वतःच गाव मोजायला निघाले.

सुरुवात वरच्या आळीपासून केली आणि हात सवयीने चालला. एका घराच्या चौकटीवर, खाली कोपऱ्यात, त्यांनी खडूने १ लिहिला. मग २. मग ३, ४, ५. सहाव्या घरातून पोलिसांना फोन गेला, की एक परका म्हातारा घरांवर खुणा करतोय. चोरांची टोळी अशा खुणा करते म्हणे.

पोलीस तरुण होता आणि सुदैवाने शांत होता. त्याने सरांना गाडीतून घरी आणून सोडलं. वाटेत सरांनी त्याला विचारलं, की तुमच्या घरी माणसं किती, आणि त्याने चार म्हणून सांगितलं, ते रजिस्टरात लिहून घेतलं. वर्षा मात्र त्या दिवशी फार रडली. "बाबा, इकडे लोकांकडे बंदुका असतात. कुणी गोळी घातली असती म्हणजे?" सर खाली मान घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन गेले आणि पाचही घरांवरचे आकडे स्वतः पुसून आले. माफीही मागितली. एका घरात त्यांना आत घेतलं नाही, दारातच उभं केलं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस.

आणि आम्ही काय केलं? ग्रुपवर हसण्याची चित्रं टाकली. मीही टाकलं एक.

सरांनी खडू सोडला, रजिस्टर सोडलं नाही. ते बॉटम्समध्ये गेले. तिथल्या पहिल्या घरात लोरेटा हेस नावाच्या बाई राहत. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांचा बाप शेगड्यांच्या कारखान्यात होता. सरांनी दार वाजवून आपलं ठरलेलं सांगितलं, "माझं नाव इंगळे. मी शिक्षक. मी माणसं मोजतो." बाई म्हणाल्या, "कुणी पाठवलं तुम्हाला?" सर म्हणाले, "कुणी नाही." यावर बाईंनी त्यांना खुर्ची दिली. पुढे त्याच त्यांच्याबरोबर घरोघर जाऊन सांगायच्या, की हा माणूस बरा आहे, बोला याच्याशी. हे काम सरांनी दोन हिवाळे केलं. वस्तीत एकोणचाळीस घरं निघाली.

दुसरा हिवाळा सरला त्याच वर्षी नगरपालिकेने जाहीर केलं, की बॉटम्सच्या जागेवर एक डेटा सेंटर येणार. कंपनीचं नाव कुणालाच सांगत नव्हते. नकाशे आले, चित्रं आली, चित्रात झाडं आली. आणि त्या सादरीकरणात एक वाक्य होतं, की हा भाग 'बव्हंशी निर्मनुष्य' आहे. कारण सोपं होतं. घरं भाड्याची, मालक दोघंतिघं, पाण्याची बिलं मालकांच्या नावावर, आणि आलेले कागद तिथल्या लोकांनी कधी भरून पाठवले नव्हते. त्यामुळे कचेरीत ते लोक नव्हतेच. मालक विकायला तयार होते. जमिनीचा वापर बदलायचा ठराव एकदा पास झाला, की एकोणचाळीस घरांतल्या माणसांना उठावं लागणार होतं, आणि उठवलं कुणाला, हेही कुणाला कळणार नव्हतं.

सर माझ्याकडे आले. "मीटिंगला येशील? तुम्ही चौघंही या. मी वाचणार आहे. काही अडलं तर तुम्ही असा."

"नक्की सर," मी म्हणालो.

आम्ही गेलो. इथेच सांगून टाकतो, की कौन्सिलच्या सात खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर आमचा प्लांट मॅनेजर बसला होता. निवडून आलेला. आम्हाला ते माहीत होतं, पण आत जाऊन त्याला समोर बसलेलं बघणं वेगळं. त्याने आम्हाला ओळखून मान हलवली. प्रशांतने मला हळूच म्हटलं, "यार, माझं ग्रीन कार्ड फाइल याच्या सहीवर अडलंय." माझंही अडलं होतं. आम्ही मागच्या रांगेत बसलो.

सर्वसामान्य माणसाला तिथे बोलायला तीन मिनिटं देतात. समोर घड्याळ असतं, आधी हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल. सरांनी रजिस्टर उघडलं. भाषण केलं नाही, विनंती केली नाही. प्रस्तावना एका वाक्याची. "आपल्या कागदात लिहिले आहे की तिथे माणसे नाहीत. मी माणसे वाचतो."

आणि वाचायला लागले. पहिलं घर, लोरेटा हेस, या घरात जन्मापासून. दुसरं घर, हेक्टर आणि मारिया, दोन मुली, मारियाची आई. तिसरं घर, एकटे गृहस्थ, नाव अर्ल, पाय नाही. त्यांचा तो इमला सांगण्याचा आवाज, प्रत्येक नावानंतर पूर्णविराम. नवव्या घरापाशी लाल दिवा लागला.

"थँक यू, सर," अध्यक्षीण बाई म्हणाल्या.

"अजून तीस घरे आहेत," सर म्हणाले.

"तुमची वेळ संपली."

आमच्या मॅनेजरने माइक ओढला. "एक विचारू? आपण या शहराचे नागरिक आहात का?"

"मी चार वर्षे येथे राहतो," सर म्हणाले. "मी मतदार नाही. हे लोक आहेत."

अध्यक्षीण बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, की नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाला त्याच कागदातून पुढे वाचायचं असेल तर त्याने आपली तीन मिनिटं वापरावी. जितकी माणसं उठतील तितकी तीन मिनिटं.

सर वळले आणि त्यांनी आमच्याकडे पाहिलं. रजिस्टर नवव्या घरावर उघडं धरलेलं होतं. त्यांनी नाव घेतलं नाही, बोलावलं नाही. त्यांना वाटलं असणार, की आम्ही उठतच असू. चौघांची बारा मिनिटं होत होती. बारा मिनिटांत ती तीस घरं वाचून झाली असती.

प्रशांत फोनकडे बघत होता. बाकीचे दोघं एकमेकांकडे. मी हातातली कार्यक्रमपत्रिका वाचत होतो. तिच्यात पार्किंगविषयी एक कलम होतं, ते मला अजून पाठ आहे.

शेवटी लोरेटाबाई उठल्या. गुडघे धरत पुढे गेल्या, रजिस्टर घेतलं, पण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. सरांचं अक्षर बारीक. त्या पान लांब धरून, जवळ धरून वाचत होत्या, दोनदा ओळ चुकली, एकदा स्वतःच्याच शेजाऱ्याचं नाव त्यांना लागलं नाही. तीन मिनिटांत चार घरं झाली. मग लाल दिवा. त्यांच्यानंतर कुणी उठलं नाही. वस्तीतले बाकीचे त्या वेळी दुसऱ्या पाळीवर कामाला होते, मीटिंगची वेळ ठरवणाऱ्यांना ते ठाऊक असेल की नाही, देव जाणे. मग मतदान झालं. ठराव चार विरुद्ध तीन असा पास झाला. एका मताने.

मी असं म्हणत नाही, की आम्ही उठलो असतो तर निकाल बदलला असता. पण प्रशांत गेली दोन वर्षं 'उठून काय फरक पडला असता' हेच म्हणत आलाय आणि मला आता ते ऐकवत नाही. निकाल बदलणं आमच्या हातात नव्हतं. उठणं होतं.

घरी आल्यावर कल्याणी म्हणाली, "बरं झालं तू मध्ये पडला नाहीस." मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचाच राग आला. तो राग मी तिच्यावर काढला. ट्रॉयच्या मंडळात पुढच्या शनिवारी चर्चा रंगली. सरांना काय गरज होती, वर्षाच्या नोकरीचा तरी विचार करायचा, आपण इथे पाहुणे आहोत, अंकल जरा इमोशनल आहेत. हे बोलणाऱ्यांत दहा-दहा वर्षं इथे घरं घेऊन बसलेली माणसं होती. पाहुणे कसले? पाहुणा निदान यजमानाची चौकशी करतो.

बॉटम्स सहा महिन्यांत रिकामं झालं. आता खरोखरच निर्मनुष्य. सर रोज जायचे. कोण कुठे गेलं ते लिहून घ्यायचे. हेक्टर-मारिया ओहायोला, अर्ल एका वृद्धाश्रमात, लोरेटाबाई पन्नास मैलांवरच्या पुतण्याकडे, तळघरातल्या खोलीत. मी एक-दोनदा त्यांना गाडीने नेऊन सोडलं. सर आधीसारखंच बोलायचे, नदीचं पाणी किती चढलंय, बीट कधी काढणार, वगैरे. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मी त्याचा अर्थ मला सोयीचा लावून घेतला. माझं ग्रीन कार्ड त्याच वर्षी आलं.

वर्षाचा हॉस्पिटलशी असलेला करार पुढे वाढवला गेला नाही. कारण कुणी सांगितलं नाही. तिला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सकाळी मी खोकी उचलायला गेलो. प्रशांत आला नाही, त्याला कॉल होता. सगळं सामान गाडीत गेलं, वर्षा घराची किल्ली द्यायला शेजारी गेली, आणि सर पुढच्या सीटवर बसून पट्टा लावत होते. त्यांना तो कधीच पहिल्या झटक्यात लागायचा नाही. मी वाकून लावून दिला. तसाच वाकलेला असताना म्हणालो,

"सर, त्या दिवशी मी उठायला हवं होतं."

आता ते म्हणतील, जाऊ दे रे. आपल्याकडची वडीलधारी माणसं हेच म्हणतात. पाठीवर हात ठेवतात, म्हणतात, जाऊ दे, तुझाही नाइलाज होता, पोराबाळांचा प्रश्न असतो. ते ऐकायची माझी सगळी तयारी झाली होती. डोळ्यांत पाणीसुद्धा येऊ घातलं होतं.

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "उठायला हवं होतंस. तुझं वाचन स्वच्छ आहे."

वर्षा आली, गाडी सुरू झाली. सरांनी काच वर केली आणि समोर बघत बसले. कोपऱ्यावर गाडी पूर्वेकडे वळली.